नाव टाकून जायचे गाव

३० नोव्हेंबर १८९४ च्या रात्री न्यू ऑर्लिन्स शहरातून कोळसा वाहणारी एक नौका मिसिसिपी नदीच्या प्रवाहाविरुद्ध निघाली. तिच्यावर सात माणसे होती. पाच पुरुष आणि दोन स्त्रिया. सगळ्यांना कुष्ठरोग होता. त्यांना कोणी पाहू नये म्हणून रात्रीची वेळ मुद्दाम निवडली होती. नौका थांबली ती बॅटन रूज शहराच्या दक्षिणेस सुमारे २० मैलांवर, नदीच्या एका वळणावर. तिथे 'इंडियन कॅम्प' नावाचा उसाचा जुना मळा होता. १८५९ साली बांधलेला मळेवाल्याचा भव्य वाडा तोवर ओस पडला होता. त्यामागे एकेकाळी गुलामांना ठेवण्यासाठी उभारलेल्या झोपड्या होत्या. आलेल्या रुग्णांची सोय त्या झोपड्यांत झाली. ही जागा शहामृगपालनासाठी घेतली जात आहे, असे आसपासच्या लोकांना आधी सांगितले गेले होते, अशी कथा आहे.

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या या कुष्ठधामाला पुढे जवळच्या वस्तीवरून 'कार्व्हिल' हे नाव पडले. १८९४ ते १९९९ असे १०५ वर्षांचे आयुष्य त्याला लाभले आणि या काळात सुमारे पाच हजार माणसे तिथे राहून गेली. 'राहून गेली' हा शब्दप्रयोग पूर्णपणे बरोबर नाही, कारण त्यांतील पुष्कळजण कधी गेलेच नाहीत. ते तिथल्याच दफनभूमीत आहेत. वैद्यकाच्या इतिहासात कार्व्हिलचा उल्लेख येतो तो कुष्ठरोगावरचे पहिले परिणामकारक औषध तिथे सिद्ध झाले म्हणून. तो गौरव रास्तच आहे. परंतु मला या संस्थेच्या इतिहासातील दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात माणसांना बळजबरीने कोंडले, ते घर काही दशकांनी बंद करून 'आता तुम्ही मोकळे आहात' असे त्यांना सांगितले, तर झालेल्या अन्यायाचे परिमार्जन होते काय?

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी हे घर निर्माण कसे झाले ते पाहिले पाहिजे. नॉर्वेतील हान्सेन या वैद्याने १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. रोग ईश्वरी शापाने किंवा आनुवंशिकतेने होत नसून जंतूमुळे होतो हे त्यातून कळले. पण ज्ञानाबरोबर भीतीही वाढली. १८८९ साली हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन स्वतः याच रोगाने मरण पावले आणि ही वार्ता जगभर पसरली. वस्तुतः सुमारे ९५ टक्के माणसांच्या शरीरात या जंतूचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा मात्र शास्त्राने 'संसर्गजन्य' हा शब्द उच्चारला आणि समाजाने त्याचा अर्थ स्वतःच्या जुन्या भयाप्रमाणे लावला.

न्यू ऑर्लिन्समधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. इझाडोर डायर यांनी या कुष्ठधामासाठी पुढाकार घेतला होता. तुरुंग नव्हे तर आश्रयस्थान, उपचार आणि संशोधन करणारे रुग्णालय, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी शहराचे सान्निध्य हवे होते. शहराने ते नाकारले. आपल्या शेजारी हे लोक नकोत या एका भावनेने संस्थेची जागा ठरवली, आणि जागेने तिचा स्वभाव ठरवला. तीन बाजूंनी वळसा घालणारी नदी, पुराला अडवणारा मातीचा बांध, दलदल, डास. रुग्णालय म्हणून कल्पिलेल्या या वास्तूचे प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून ओसाड बेट झाले. १८९६ साली 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या कॅथलिक संघाच्या चार भगिनी तिथे आल्या, आणि गळक्या छपरांखाली जखमा धुण्याचे काम सुरू झाले. त्या संघाच्या भगिनींनी पुढे शतकभर ते काम सोडले नाही.

१९१७ साली अमेरिकेच्या संसदेने राष्ट्रीय कुष्ठधामाचा कायदा केला आणि १९२१ साली केंद्र सरकारच्या आरोग्यसेवेने कार्व्हिल ताब्यात घेतले. 'मरीन हॉस्पिटल क्रमांक ६६' असे त्याचे अधिकृत नाव झाले. पैसा आला, वैद्य आले, इमारती सुधारल्या. त्याचबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण आणले जाऊ लागले. काहींना बेड्या घालून आणले गेले. आवाराला कुंपण होते आणि कुंपणावर काटेरी तारा. पळून जाऊन पकडला गेलेल्या रुग्णासाठी आवारातच कोठडी होती. रुग्णांना मताधिकार नव्हता. परस्परांशी विवाह करण्यास मनाई होती. तिथे जन्मलेले मूल आईपासून तत्काळ दूर नेले जाई. बाहेर जाणारे प्रत्येक पत्र निर्जंतुक करून मगच टपालात पडे.

यांपैकी कोणताही नियम क्रूर माणसांनी क्रौर्यासाठी केला नव्हता. ते नियम करणाऱ्यांना आपण समाजाचे रक्षण करत आहोत असेच वाटत होते. म्हणूनच त्यांना विरोध करणे कठीण होते. रुग्णाने कोणताही गुन्हा केलेला नसल्यामुळे त्याच्यावर खटला नव्हता, शिक्षेची मुदत नव्हती, आणि मुदत नसल्याने सुटकेचा दिवसही नव्हता.

आणखी एक प्रथा होती, आणि तिच्याकडे माझे लक्ष वारंवार जाते. कार्व्हिलमध्ये येणाऱ्या रुग्णाने नवे नाव घ्यावे, असा तिथला रिवाज होता. घरच्यांवर कलंक येऊ नये, भावंडांची लग्ने मोडू नयेत, वडिलांचे दुकान बसू नये म्हणून रुग्ण आपले नाव दारातच टाकून आत येई. आपल्याकडे संन्यास घेणारा पूर्वाश्रमीचे नाव टाकतो. पण तो ते स्वेच्छेने टाकतो, आणि त्याचे नवे नाव आदराने उच्चारले जाते. इथे नाव टाकणे म्हणजे जिवंतपणी स्वतःची उत्तरक्रिया उरकणे होते. अनेकांच्या घरी 'तो वारला' किंवा 'ती परगावी असते' असे सांगितले जाई.

१९३१ साली टेक्सासमधील एक तरुण औषधविक्रेता कार्व्हिलमध्ये दाखल झाला. त्याचे खरे नाव सिडनी लेव्हिसन. आत येताना त्याने स्टॅन्ली स्टाइन हे नाव घेतले आणि पुढे त्याच नावाने तो जगाला माहीत झाला. त्याच वर्षी त्याने रुग्णांचे एक छोटे नियतकालिक सुरू केले. काही वर्षे ते बंद पडले, आणि १९४१ साली 'द स्टार' या नावाने पुन्हा निघाले. रोगाने स्टाइनची दृष्टी हिरावून घेतली होती. तरीही इतरांकडून वाचून घेत, तोंडी मजकूर सांगत त्याने संपादन चालू ठेवले. अंक देशभर आणि परदेशांतही जाऊ लागला. ज्यांची पत्रे धुरी दिल्याशिवाय बाहेर जात नसत, त्यांचे मासिक लोकांच्या घरोघरी पोचू लागले.

स्टाइनचा मुख्य लढा एका शब्दाविरुद्ध होता. कुष्ठरुग्णासाठी इंग्रजीत जो प्राचीन शब्द आहे, त्यात 'बहिष्कृत' हा अर्थ इतका मुरलेला आहे की रोगाशी संबंध नसलेल्या माणसालाही तो शिवीसारखा लावता येतो. तो शब्द वृत्तपत्रांनी वापरू नये, रोगाला 'हान्सेनचा रोग' म्हणावे, यासाठी त्याने आयुष्यभर लेखणी झिजवली. मराठी वाचकाला हा आग्रह समजायला जड जाऊ नये. 'रक्तपिती' आणि 'महारोग' हे आपलेच शब्द. 'महारोगी' या शब्दापासून 'कुष्ठरुग्ण' आणि त्यापुढे 'कुष्ठमुक्त' इथपर्यंत येण्यास आपल्या भाषेलाही अनेक दशके लागली. शब्द बदलल्याने रोग बरा होत नाही हे खरे. पण शब्द तसाच ठेवला तर रोग बरा होऊनही माणूस रोगीच राहतो.

औषधाची कथाही इथेच सांगितली पाहिजे, कारण तिचा एक धागा आपल्या मातीतून जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्व्हिलमधला मुख्य उपचार म्हणजे चौलमुग्रा तेल. याच कुळातील तुवरकाचा उपयोग सुश्रुतसंहितेत कुष्ठावर सांगितलेला आहे, आणि सह्याद्रीच्या जंगलात कडू कवठ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष त्याच कुळातला. हे तेल पोटात घेतले तर मळमळून येई, टोचले तर गाठी होत, आणि गुण येईलच याची खात्री नसे. तरी दुसरे काही नसल्यामुळे जगभरचे रुग्ण ते सोसत राहिले.

मार्च १९४१ मध्ये कार्व्हिलचे प्रमुख डॉ. गाय फॅजेट यांनी काही रुग्णांच्या संमतीने 'प्रोमिन' या सल्फोन गटातील औषधाची चाचणी सुरू केली. ते शिरेतून टोचावे लागे. काही महिन्यांत जुने व्रण भरू लागले. सुजलेले चेहरे पुन्हा ओळखू येऊ लागले. १९४३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याच गटातील डॅप्सोन हे स्वस्त, गोळीच्या रूपात देता येणारे औषध पुढे जगभर वापरले गेले, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. आज वर्षभराच्या आत रुग्ण बरा होतो, त्या वाटेवरचे पहिले ठाम पाऊल या आडगावात पडले.

औषधाच्या मागोमाग नियम ढिले होऊ लागले. १९४६ साली रुग्णांना मताधिकार मिळाला. काटेरी तारा निघाल्या. बेटी मार्टिन या टोपणनावाने लिहिणाऱ्या रुग्ण स्त्रीचे 'मिरॅकल ॲट कार्व्हिल' हे आत्मकथन १९५० साली प्रसिद्ध होऊन पुष्कळ वाचले गेले. ऐन तारुण्यात ती तिथे आली, तिथेच तिला जोडीदार भेटला, कुंपणातल्या भगदाडातून दोघे एकदा पळूनही गेले, पुन्हा परत आले, आणि अखेर नव्या औषधाने बरे होऊन उजळ माथ्याने बाहेर पडले. सलग बारा महिने तपासणीत जंतू आढळले नाहीत तर रुग्णाला जाण्याची मुभा मिळे. वाचकाला वाटेल की आता कथा संपली. दार उघडले आणि पक्षी उडाले.

तसे झाले नाही. बेटीसारखे कितीतरी रुग्ण गेले, हे खरे. परंतु कितीतरी राहिले, आणि काही बाहेर जाऊन परत आले. याची कारणे अगदी साधी होती. औषध जंतू मारते. झडलेली बोटे आणि गेलेली दृष्टी परत देत नाही. बधिर झालेल्या पायांच्या जखमांना रोजची शुश्रूषा लागते. त्याहून मोठे कारण असे की ज्या घरातून ते आले होते ते घर आता उरलेले नव्हते. आईवडील वारले होते, नवराबायकोचे नाते तुटले होते, मुलांना आपला बाप जिवंत आहे हेच ठाऊक नव्हते. वीसतीस वर्षे टोपणनावाने जगलेल्या माणसाने कोणत्या नावाने कोणाचे दार वाजवायचे?

उलटपक्षी कार्व्हिलमध्ये दरम्यानच्या काळात एक गाव वसले होते. इमारतींना जोडणाऱ्या, मैलोगणती लांब, छत असलेल्या वाटांवरून चाकाच्या खुर्च्या आणि सायकली फिरत. काही रुग्णांनी स्वतःच्या छोट्या बंगल्या बांधल्या, बागा फुलवल्या. त्यांचा चेंडूफळीचा संघ होता. त्याचे सगळे सामने घरच्याच मैदानावर होत, कारण संघाला बाहेर जाता येत नसे. दरवर्षी मार्डी ग्राचा उत्सव मुखवटे घालून थाटाने होई. ज्यांना बाहेर चेहरा लपवावा लागे, ते इथे वर्षातून एकदा हौसेने मुखवटा चढवत. या गावात दोष नव्हते असे नाही. बाहेरच्या समाजाचा वर्णभेद आतही होता, आणि गोऱ्या व काळ्या रुग्णांची राहण्याची सोय दीर्घकाळ वेगवेगळी होती. पण इथे कोणी कोणाच्या हाताकडे टक लावून पाहत नसे, आणि ते सुख बाहेर कोणत्याही किमतीला मिळणारे नव्हते.

बाहेरचे जग किती कमी बदलले होते याची साक्ष १९६८ सालच्या एका घटनेत आहे. टेक्सासमधील लारेडो गावच्या होजे रामिरेझ या विशीतल्या तरुणाला शेकडो मैल दूरच्या कार्व्हिलला नेण्यात आले ते शववाहिकेतून. तोपर्यंत परिणामकारक औषध सापडून २७ वर्षे झाली होती. रामिरेझ बरे झाले, शिकले, समाजकार्यकर्ते झाले, आणि २००९ साली त्यांनी स्वतःच्या नावाने आपली कहाणी प्रसिद्ध केली.

त्या सुमारास कार्व्हिलचे वैद्यकीय काम वेगळ्या दिशेने वाढत होते. तमिळनाडूतील वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करून नाव मिळवलेले डॉ. पॉल ब्रँड १९६६ साली तिथे आले. बोटे रोगाने झडत नाहीत, वेदना न जाणवल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी झिजतात, हे त्यांनी भारतात ओळखले होते. कार्व्हिलमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बधिर पायांचे रक्षण करण्याचे जे तंत्र विकसित केले, त्याचा लाभ पुढे मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना झाला. आज मधुमेही माणसाच्या तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून स्पर्शज्ञान तपासतात, ती पद्धत रुळण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

परंतु उपचार जितका सोपा झाला तितके रुग्णालय अनावश्यक ठरू लागले. १९८१ पासून रुग्णांवर त्यांच्याच प्रदेशातील बाह्यरुग्ण केंद्रांत उपचार होऊ लागले. कार्व्हिलमध्ये नवे रुग्ण येणे थांबत गेले. राहिले ते वृद्ध. रिकाम्या इमारतींचे काय करावे या विवंचनेत सरकारने १९९० च्या सुमारास आवाराचा एक भाग चक्क तुरुंगाला दिला. काही वर्षे एकाच छपराखाली एकीकडे आर्थिक गुन्ह्यांचे कैदी आणि दुसरीकडे कोणताही गुन्हा न केलेले वृद्ध राहत होते. कैद्यांना आपल्या सुटकेची तारीख ठाऊक होती.

१९९७ साली संसदेने कायदा करून ही जागा लुइझियाना राज्याकडे परत देण्याचे ठरवले आणि १९९९ साली राष्ट्रीय कुष्ठोपचार केंद्र बॅटन रूजला हलवण्यात आले. राहिलेल्या रुग्णांपुढे पर्याय ठेवले गेले. बाहेर जाऊन स्वतंत्र राहू इच्छिणाऱ्यास वर्षाला ३३,००० डॉलर तहहयात मिळणार होते; ज्याला शुश्रूषेची गरज होती त्याला बॅटन रूजमध्ये सोय होती; आणि ज्याला कुठेच जायचे नव्हते त्याला कार्व्हिलमध्येच राहण्याची मुभा होती. काहींनी पैसे घेऊन उतारवयात आयुष्यातील पहिले स्वतःचे घर थाटले. काही वृद्धांनी मात्र ज्या कुंपणाआत त्यांना कोंडले होते तिथेच राहणे पसंत केले.

लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाकडे आता परत येतो. ही व्यवस्था अनुदार नव्हती. जगातील कित्येक संस्था याहून निष्ठुरपणे बंद झाल्या आहेत. १८९४ साली त्या सात जणांना कोणी काही विचारले नव्हते. १९९९ साली निदान प्रत्येकाला विचारले गेले. हा फरक सरकारच्या मनात आपोआप उगवला नाही. 'द स्टार'च्या पानांतून साठ वर्षे रुग्णांनी स्वतःला माणूस म्हणून मोजायला लावले, त्याचे ते फळ होते. स्टाइन १९६७ साली वारला. पण १९९९ सालच्या त्या तिसऱ्या पर्यायात, न जाण्याच्या अधिकारात, त्याचा हात मला दिसतो.

तथापि भरपाईचा हिशोब पैशात मांडताना एक गोष्ट सुटते. कोंडण्याचा अन्याय हा केवळ स्वातंत्र्य हिरावण्याचा नसतो. ज्या जगात त्या स्वातंत्र्याला अर्थ होता ते जगही त्या काळात नाहीसे होते. म्हणून संस्था बंद करणाऱ्याने 'आम्ही काय परत देऊ शकतो' एवढेच विचारून भागत नाही. 'त्यांनी इथे स्वतः काय उभे केले आहे, आणि ते आपण मोडत तर नाही ना' हेही विचारावे लागते. ही माणसे कार्व्हिलवर प्रेम करू लागली याचा अर्थ कोंडणे योग्य होते, असा कोणी काढला तर तो त्यांचा अपमान होईल. आणि कोंडणे अयोग्य होते म्हणून ते गावही टाकाऊच, असे म्हटले तर तोही अपमानच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याची तयारी इतिहास वाचणाऱ्याने ठेवली पाहिजे.

हा प्रश्न केवळ मिसिसिपीकाठचा नाही. १८९८ सालचा ब्रिटिशांचा कायदा निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याची मुभा देत होता. तो भारतीय संसदेने २०१६ साली रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असू नये, हे मान्य व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. त्याच कायद्याच्या छायेत मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला जे आश्रम उभारले, त्यांची जातकुळी वेगळी होती. तिथे रुग्ण स्वतःच्या श्रमाने जगत. पण नवे रुग्ण आता गोळ्या घेऊन आपापल्या घरीच बरे होतात, आणि तशा आश्रमांतही पिकत चाललेले केस हे त्या यशाचेच चिन्ह आहे. कुष्ठधाम रिकामे होणे हे वैद्यकाचे उद्दिष्टच असते. ते शेवटच्या रहिवाशाच्या कलाने रिकामे होते की जमाखर्चाच्या वहीच्या कलाने, यावर त्या समाजाची परीक्षा होते.

कार्व्हिलच्या आवारात आज राज्याच्या नॅशनल गार्डचे वास्तव्य आहे आणि एक संग्रहालय आहे. त्यात टोचण्याच्या सुया, 'द स्टार'चे अंक, उत्सवाचे पोशाख मांडलेले आहेत. मागे दफनभूमी आहे. तिथल्या कित्येक दगडांवर जी नावे कोरली आहेत ती आईवडिलांनी ठेवलेली नाहीत. दारातून आत येताना घेतलेली आहेत. पूर्वी मला ते फार करुण वाटत असे. आता वाटते की त्या नावांनीही माणसे जगली, भांडली, लिहिती झाली, लग्ने केली. नाव खोटे असले तरी त्या नावाने जगलेले आयुष्य खोटे नव्हते, आणि ते दगड तेथून हलवू नयेत.